दीव, श्रावणातले चार दिवस

शुक्रवार, रात्री

पोचलो एकदाचे. अंग अजून गाडीच्या तालावर हलतंय. काल दुपारी बांद्रा टर्मिनसला बसलो, आज सकाळी वेरावळ, तिथून एसटीनं उना, उन्याहून रिक्षानं घोघला आणि मग पूल. पुलावर आलो तेव्हा पावसानं खाडी आणि आभाळ एक करून टाकलं होतं. सुमी सारखी बाहेर डोकावत होती, "बेट कुठे आहे गं?" रिक्षावाले काका म्हणाले, "आवी गयुं, बेन." आलंसुद्धा.

खोली फिरंगीवाड्यात आहे. पोर्तुगीज वळणाचं जुनं घर, वर दोन खोल्या, खाली मालकीणबाई राहतात. रात्रीचे आठशे. दिवाळीत हीच खोली दुपटीला जाते, असं त्यांनीच सांगितलं. खिडकीची लाकडी झडप खाऱ्या हवेनं फुगलीय, ती पुरती लागत नाही. फटीत टॉवेल कोंबला तरी पावसाचा तुषार उशीपर्यंत येतोय. मी पलंग सरकवायला निघाले, तर सुमी म्हणाली, "राहू दे. समुद्राचा आवाज येतोय त्यातून."

ही सहल भिशीची. दोघींचीच भिशी. गेल्या श्रावणापासून दर महिन्याला मी पाचशे, तिनं पाचशे, बारा महिन्यांचे बारा हजार. पैसे तिच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. एवढ्यात अंदमान होत नाही, लक्षद्वीप तर नाहीच. गोव्याचं मी सुचवलं होतं, पण तिच्या मनात पहिल्यापासून दीव होतं. का, ते मला ठाऊक होतं, म्हणून मीही दुसरं काही काढलं नाही. पावसाळा मात्र माझा हट्ट. पावसात खोल्या स्वस्त, गाडीचं तिकीट मिळतं, आणि शाळेतून मला रजा याच दिवसांत निघते.

मालकीणबाईंना उद्याचं विचारलं. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आजे दरियो गांडो छे." समुद्राला वेड लागलंय. उद्याही लागलेलंच असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

शनिवार, संध्याकाळी

सकाळी भाड्यानं स्कूटर घेतली, दिवसाचे चारशे. मी चालवते, सुमी मागे छत्री धरून बसते, तिचा काही उपयोग होत नाही. बेट लहान आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-अकरा किलोमीटर. रस्त्याकडेला होक्याची झाडं. ताडाच्या जातीचं झाड, पण ताड सरळसोट एकटा वाढतो आणि याच्या खोडाला फांद्या फुटतात. असं झाड मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पावसात काळंकुट्ट खोड आणि वर पंख्यासारखी पानं. खाली पडलेलं एक तपकिरी फळ सुमीनं उचललं. दगडासारखं कडक. पिशवीत टाकलंय, घरी नेणार म्हणते.

दहाला नागव्याच्या किनाऱ्यावर. घोड्याच्या नालासारखा वळलेला, लांबच लांब. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत पाण्यात उतरायला बंदी असते, तशी होतीच. एरवी इथे अहमदाबाद-सुरतेकडची गर्दी असते, बाटलीच्या ओढीनं येणारीही पुष्कळ, कारण गुजरातेत बंदी आणि इथे नाही. आज आम्ही दोघी, चार कुत्री आणि मक्याची कणसं भाजणारी एक बाई. बाईनं छत्रीखाली शेगडी धरली होती. कणीस वीस रुपयांना. तिखट-लिंबू चोळलेलं, भिजक्या हातात गरम गरम. त्या कणसाची चव विसरणार नाही.

पाण्यात नाही गेलो याचं मला जराही वाईट वाटत नाही. दोन तास नुसत्या उभ्या होतो. लाट लांबून मातकट पिवळी दिसते, फुटताना आतून हिरवी होते, आणि मागे जाताना वाळूतून सूंऽ असा आवाज निघतो. तो आवाज पावसाच्या आवाजाखाली वेगळा ऐकू येतो, कान लावला तर.

पाऊस जरा थांबला आणि वारा उठला. वाळू उडून सुमीच्या डोळ्यांत गेली. मी पदराच्या टोकानं काढायला गेले, तर ती डोळे मिटून तशीच उभी राहिली आणि वडिलांच्या आठवणीनं म्हणाली, "दादा अगदी असंच सांगायचे. डोळ्यांत वाळू ओतलीय कुणीतरी."

तेव्हा मी काही विचारलं नाही.

दुपारी फुदमच्या गंगेश्वराला. सुमीनं दादांचा भरतीचा हिशेब लावला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज द्वितीया, म्हणजे दीडच्या सुमारास पूर्ण भरती. मुंबईचा हिशेब इथे किती लागू पडेल कोण जाणे, म्हणून बारालाच जाऊन बसलो. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, पाच पांडवांची म्हणतात. समोर उघडा समुद्र. परवाच अमावास्या झालेली, त्यामुळे उधाण जोरात. लाट कपारीत शिरायची, पाचही लिंगं दिसेनाशी व्हायची, आणि पाणी ओसरलं की एकेक करून वर यायची, बेलपानं वाहून गेलेली. पुजारीबाबा पुन्हा वाहायचे. पुन्हा लाट. एका आजींनी आमच्या हातात बेल दिला, तोही आमच्यादेखत समुद्रानं नेला. देवाच्या दारात इतकी शांत मी खूप दिवसांत बसले नव्हते.

जेवण वरण-भात, बाजरीचा रोटला, शेव-टोमॅटोची भाजी. दोघी श्रावण पाळतो, त्यामुळे मासे नाहीत. तसेही हे मासेमारी बंदीचे दिवस.

शनिवार, उशिरा

दिवे गेलेत. मेणबत्तीवर लिहितेय.

दिवे गेल्यावर सुमी आपणहून बोलायला लागली. दादांबद्दल. घोडपदेवला आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, आमचं दुसऱ्या. दादा माझगाव डॉकमध्ये वेल्डर. संध्याकाळी जिन्यात त्यांच्या कपड्यांना जळक्या लोखंडाचा वास यायचा. तो वास माझ्या लहानपणाचा आहे, जसा गणपतीत धुपाचा.

रात्री कधीकधी, सगळी झोपली की, सुमी आमच्या दारात यायची. आठ-नऊ वर्षांची. आईला म्हणायची, "काकू, एक बटाटा द्या ना." आई काही न विचारता टोपलीतून बटाटा काढून द्यायची. मला वाटायचं, यांच्याकडे भाजीला काही नाही. मला तिची दया यायची, आणि ती मी कधी बोलून दाखवली नाही याचं समाधानही वाटायचं.

आज कळलं. बटाटा दादांच्या डोळ्यांसाठी असायचा. वेल्डिंगचा झोत उघड्या डोळ्यांवर आला की दिवसा काही जाणवत नाही. सहा-आठ तासांनी, रात्री, सुरू होतं. आग होते, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही, पापणीखाली वाळू घातल्यासारखं टोचतं. कामगार त्याला आर्क लागली म्हणतात. शेजारचा माणूस अचानक झोत सुरू करतो, काच तोंडावर घ्यायला एक क्षण उशीर होतो, तेवढं पुरतं. मग सुमीची आई बटाट्याच्या पातळ चकत्या करायची आणि सुमी त्या दादांच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवायची. गरम झाली की उलटायची. दुसरी बाजू गरम झाली की नवी चकती. "एका बटाट्याच्या बारा-तेरा चकत्या व्हायच्या," ती म्हणाली. "शेवटच्या चकतीपर्यंत ते झोपायचे. मग मी झोपायची."

"आणि माझ्या आईला ठाऊक होतं?"

"काकूंना सगळं ठाऊक होतं."

आई जाऊन अकरा वर्षं झाली. तिनं हे मला कधीच सांगितलं नाही. शेजारणीच्या घरातली गोष्ट तिनं स्वतःच्या मुलीलाही सांगितली नाही. मेणबत्तीच्या उजेडात सुमीला माझे डोळे दिसत नव्हते, ते बरं.

रविवार, रात्री

आज जिच्यासाठी आलो ती गोष्ट.

सकाळी पाऊस नव्हता, नुसतं भरून आलेलं. आधी किल्ला. पोर्तुगीजांनी १५३५ पासून बांधायला घेतला, १५३८ आणि १५४६ मध्ये दोनदा मोठा वेढा पडला आणि दोन्ही वेळा तो टिकला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा-दमणबरोबरच तो आपल्याकडे आला. तोफा अजून समुद्राकडे तोंड करून पडल्यात, त्यांच्या तोंडात पावसाचं पाणी साचलंय. किल्ला भव्य आहे, तरी सुमीचं लक्ष नव्हतं, म्हणून लवकर निघालो.

खुकरी स्मारक चक्रतीर्थाजवळ, टेकडीवर. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री आयएनएस खुकरी दीवपासून चाळीस सागरी मैलांवर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीच्या पाणतीरानं बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. चाळीत आम्ही सगळी पोरं हे दादांच्या तोंडून ऐकत मोठी झालो. दर ९ डिसेंबरला ते जेवायच्या आधी दोन मिनिटं उभे राहायचे, आणि त्या दिवशी त्यांच्या घरात असू तर आम्हीही.

पुढे नौदलानं तेच नाव दुसऱ्या जहाजाला दिलं. ते जहाज माझगाव डॉकमध्ये बांधलं गेलं आणि १९८९ च्या ऑगस्टमध्ये नौदलात दाखल झालं. त्याच्यावर दादांचे हात लागलेत. कुठला सांधा त्यांचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं, शेकडो माणसांचं काम ते. पण घरी ते नेहमी "माझी खुकरी" म्हणायचे. बत्तीस वर्षं चाकरी करून ती डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली, आणि २६ जानेवारी २०२२ ला संग्रहालय करण्यासाठी दीवच्या प्रशासनाकडे दिली गेली. पेपरातली ती बातमी दादांनी कापून ठेवली होती. एकदा जाऊन बघायचं म्हणत होते. गुडघ्यांनी साथ दिली नाही. गेल्याच्या गेल्या वर्षी ते गेले.

स्मारकावर काचेच्या पेटीत पहिल्या खुकरीची प्रतिकृती आहे. काच बाहेरून पावसाच्या थेंबांनी भरलेली, आत काही धड दिसेना. सुमीनं ओढणीनं काच पुसायला घेतली. एका कोपऱ्यापासून, सावकाश, खिडकीची काच पुसतात तशी. पुसून होते तोवर पहिल्या कोपऱ्यात पुन्हा थेंब, कारण पाऊस सुरू झाला होता. ती पुन्हा पुसायची. मी छत्री तिच्यावर धरली, आणि दुसरा हात काचेवर आडवा. तेवढ्या जागेत पाऊस आला नाही. त्या हाताखालच्या कोरड्या जागेतून तिनं जहाज पाहिलं. डोलकाठी, शिड्या, कठड्याच्या केसाएवढ्या बारीक तारा.

"ही त्यांची नव्हे," ती म्हणाली. "पण हिच्यामुळे ती झाली."

मग दुसरी पाहायला गेलो. पाऊस इतका वाढला की लांबूनच दिसली, पडद्याआड राखाडी, पुढचा भाग उंच. सुमी कितीतरी वेळ बोलली नाही. मग तिनं मोबाइल काढला, फोटो घ्यायला असेल असं मला वाटलं. तिनं घरी भावाला फोन लावला आणि म्हणाली, "अरे, दिसतेय. उभी आहे चांगली." भाऊ पलीकडून काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "हो. लावते." आणि फोन जहाजाच्या दिशेनं धरून उभी राहिली. त्याला तिकडे पावसाखेरीज काय ऐकू गेलं असेल? बराच वेळ धरला होता.

माझा हात भरून आला होता, पण छत्री बदलून धरायला मन झालं नाही. वाटलं, जराशी हालचाल केली तर ती फोन खाली घेईल.

परतताना वणाकबाऱ्याला गेलो. बंदीमुळे सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, रंगवायला आणि डागडुजीला काढलेल्या. प्लास्टिकच्या छताखाली माणसं जाळी विणत बसलेली. एका होडीच्या लोखंडी पट्टीला एक पोरगा वेल्डिंग करत होता, साध्या काळ्या चष्म्यावर. सुमी थांबली. मोडक्या गुजरातीत, अर्ध्या हिंदीत त्याला समजावत राहिली, तोंडावर धरायची पूर्ण काच घे, चष्म्यानं भागत नाही, रात्री त्रास होतो. पोरगा आधी लाजला. मग म्हणाला, "थाय छे, बेन. रात्रे थाय छे."

सोमवार, गाडीत

वेरावळहून गाडी सुटली. पहिला श्रावणी सोमवार, दोघींचा उपास.

हिशेब लिहून ठेवते. रेल्वे दोन हजारांच्या आत. एसटी-रिक्षा पाचशे. खोली चोवीसशे. स्कूटर पेट्रोलसकट हजार. खाणंपिणं तेवीसशे. बाकी किरकोळ. डब्यात साडेतीन हजारांच्या आसपास उरलेत. सुमी म्हणते ते तसेच ठेवू, वर या महिन्याचे पाचशे-पाचशे घालू. मी माझे पाचशे आत्ताच दिले. पुढच्या वेळी कुठे, ते अजून ठरलं नाही.

मालकीणबाईंना आमचा उपास आहे हे कळलं होतं. निघताना त्यांनी वर्तमानपत्रात बांधून चार उकडलेले बटाटे आणि चिमूटभर सैंधव दिलं. आत्ता सुमी मांडीवर कागद पसरून साली काढतेय. बाहेर मिठागरं, पाण्यात उभे बगळे, आणि पाऊस काचेवरून आडवा धावतोय. तिनं पहिला बटाटा सोलला, मीठ लावलं आणि माझ्यापुढे धरला.

"घे गं," म्हणाली. "माझ्याकडे तुमचे बरेच बाकी आहेत."