चार पाथ दिसले पाहिजेत

लिनक्स सर्व्हरला सॅन स्टोरेज, म्हणजे वेगळ्या नेटवर्कवरून मिळणाऱ्या बाहेरच्या डिस्क, कसं जोडायचं, याचं आमच्याकडचं डॉक्युमेंट बऱ्याच हातांतून गेलेलं. पहिल्यांदा ज्याने लिहिलं तो कधीच नोकरी सोडून गेला, आणि नंतरच्यांनी आपापल्या अडचणीपुरत्या ओळी त्यात घुसडल्या. ते नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी एकच अट घातली. जुनं डॉक्युमेंट आधी अशा कुणाला तरी चालवू द्या, ज्याने सॅनला कधी हात लावलेला नाही. मी शेजारी बसेन, पण तोंड उघडणार नाही.

मुहूर्त लागला रविवारचा, चांदिवलीच्या डेटा सेंटरमध्ये. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. डोंबिवलीहून येणारा आमचा नवा मुलगा घामाघूम होऊन पोचला आणि सर्व्हर हॉलमध्ये शिरल्यावर थोड्याच वेळात हात चोळायला लागला. आत मोबाइल, पेनड्राइव्ह काही नेऊ देत नाहीत, म्हणून डॉक्युमेंटची प्रिंट काढली होती. ते बरंच झालं. सर्व्हरला सॅनशी जोडणाऱ्या एचबीए कार्डाच्या प्रत्येक पोर्टला डब्ल्यूडब्ल्यूपीएन हा ओळख क्रमांक असतो, सोळा हेक्स आकड्यांचा (० ते ९ आणि ए ते एफ). कॉपी-पेस्ट करणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, पण हाताने उतरवून इंटरकॉमवर वाचून दाखवायचा म्हटला की ‘८’ आणि ‘बी’ यांचा घोळ सुरू होतो. पलीकडून स्टोरेजवाले विचारत होते, “बी फॉर बॉम्बे की डी फॉर दिल्ली?”

झोनिंग (कुठल्या पोर्टने कुठल्या पोर्टशी बोलायचं) आणि मास्किंग (कुठली डिस्क कुणाला दिसायची) आधीच झालेलं होतं, नंबर फक्त ताडून बघायचे होते. मुलाने नव्या डिस्कसाठी स्कॅन केलं. पुढची ओळ होती: ‘एफडिस्कने नवीन डिस्क पाहून फाइल सिस्टिम बनवा.’ तो थांबला.

“मॅडम, नव्या चार डिस्क आल्यात. सगळ्या ५०० जीबीच्या. कुठली घेऊ?”

“कागदात काय लिहिलंय?”

“कागदात एकच धरलीये.”

मी गप्प. खरं तर डिस्क एकच होती. सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत चार वाटा, म्हणून तीच डिस्क एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई अशा चार नावांनी दिसते. यांतलं एखादं नाव उचलून एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) टाकलं, तर पुढच्या रीबूटला तेच नाव दुसऱ्या डिस्कला मिळू शकतं. चारींचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक, मात्र एकच असतो. तो बघून मल्टिपाथ हा लिनक्समधला प्रोग्राम या चार वाटांचं, म्हणजे पाथचं, एक डिव्हाइस बनवतो, आणि वापरायचं ते. मल्टिपाथचं पान डॉक्युमेंटमध्ये होतं, पण फाइल सिस्टिम बनवून झाल्यावर, शेवटी! कुणीतरी नंतर चिकटवलेलं. पोराने पानं पुढेमागे चाळून क्रम स्वतःच लावला. हुशार आहे, पण डॉक्युमेंट हुशार माणसाच्या भरवशावर लिहायचं नसतं.

मल्टिपाथ लावल्यावर चार ओळी उमटल्या, चारही ‘अ‍ॅक्टिव्ह रेडी रनिंग’. डॉक्युमेंटमध्ये ठळक अक्षरांत होतं: ‘चार पाथ दिसले पाहिजेत.’ त्याने पेनाने टिक केली. मग आम्ही डिस्कवर डेटा लिहिणं चालू ठेवून एकेक केबल काढून पाहिली. दोन पाथ पडले, दोन उरले, लिहिणं चालूच. ती परत लावून दुसरी काढली, तरी तेच.

इथेच उठलो असतो. पण रॅक नवा होता, पाथ ज्यांतून जातात त्या ए आणि बी या दोन्ही स्विचवर अजून कुणाचं खरं काम सुरू नव्हतं, आणि अशी संधी एरवी मिळत नाही. मी ए स्विच बंद करायला सांगितलं. बी स्विच चालू असताना दोन पाथ टिकायला हवे होते.

चारही ‘फेल्ड फॉल्टी’.

पुढचा प्रकार मी पूर्वी पाहिलेला होता, त्याने नव्हता. सर्व्हरला पिंग जात होतं, लॉगिन होत होतं, कारण ऑपरेटिंग सिस्टिम आतल्या डिस्कवर. मॉनिटरिंगवर सगळं हिरवं. लिहिणारी प्रोसेस तेवढी डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघत, गोठली. त्याने किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने बंद करायची कमांड) मारून पाहिलं, पण अशा प्रोसेसपुढे त्याचं काही चालत नाही. एररही नाही. सेटिंगच असं होतं की एकही पाथ नसेल तर डेटा रांगेत थांबवून ठेवायचा, कितीही वेळ. १२० सेकंद उलटल्यावर कर्नलने कन्सोलवर तक्रार केली, तेवढीच. स्विच परत चालू झाल्यावर लिहिणं जिथे अडलं होतं तिथून पुढे निघालं.

पोर्ट स्विचच्या कुठल्या जाळ्यात, म्हणजे फॅब्रिकमध्ये, आहे ते सांगणारी ‘फॅब्रिक नेम’ ही प्रत्येक पोर्टची फाइल सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती दाखवतो तिथे) असते. मी दोन्ही उघडायला लावल्या. आकडा तोच. म्हणजे दोन्ही पोर्ट एकाच फॅब्रिकमध्ये. रॅकच्या मागे जाऊन केबल हाताने चाचपत गेलो, तर दोन्ही ए स्विचमध्ये. बी स्विचच्या त्या पोर्टात, केबल ज्यात खोचायची ते एसएफपी मॉड्यूलच नव्हतं.

इंटरकॉमवर चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. बसवणाऱ्यांकडे एसएफपी कमी पडलं, केबल ‘तात्पुरती’ ए मध्ये खोचली. मग दोनच पाथ दिसायला लागले, आणि डॉक्युमेंटमध्ये तर चार म्हटलंय! म्हणून स्टोरेजवाल्यांनी दुसऱ्या पोर्टचं झोनिंगही ए मध्येच करून दिलं. आकडा जुळला, फाइल बंद. माझा राग त्यांच्यावर कमी आणि त्या ठळक ओळीवर जास्त होता. ‘दोन ए मधून, दोन बी मधून’ एवढं लिहिलं असतं तर झोनिंग करणाऱ्याचा हात थांबला असता.

नव्या डॉक्युमेंटमध्ये आता मल्टिपाथ फाइल सिस्टिमच्या आधी आहे. पाथच्या संख्येशेजारी दोन्ही पोर्टांचं फॅब्रिक नेम हाताने लिहायचा रकाना आहे. दोन आकडे वेगळे नसतील तर पुढे जायचं नाही. रांगेत थांबायच्या सेटिंगवर मात्र बरीच वादावादी झाली. एकटा डेटाबेस असेल तर थांबणं समजू शकते, पण क्लस्टरमध्ये (एक सर्व्हर पडला तर दुसरा काम उचलतो अशा जोडणीत) एक नोड, म्हणजे सर्व्हर, असा मुकाट गोठला तर जोडीदाराला कळणार कसं? शेवटी क्लस्टरसाठी पाच सेकंदांच्या अंतराने बारा प्रयत्न, म्हणजे साधारण मिनिटभर, आणि मग एरर, असं ठरलं. स्विच बंद करायची पायरीही मी घातली होती. साहेबांनी ती फक्त लाइव्ह होण्याआधीच्या सर्व्हरसाठी मंजूर केली, चालू रॅकसाठी नाही.