बाटलीवरचा डोंगर आणि स्लाइडवरचे परागकण

मी मधाच्या प्रयोगशाळेत काम करते. मधात साखरेचा पाक मिसळलाय का हे बघणारं खातं वेगळं. माझ्याकडे येतो तो दुसरा प्रश्न: लेबल म्हणतंय तिथलाच हा मध आहे का? त्यासाठी मी परागकण मोजते.

एरवी नमुना साध्या बरणीत, वर नुसता कोड चिकटवून येतो. तेच बरं असतं, कारण लेबल दिसलं की डोळे आधीच मत बनवून टाकतात. त्या दिवशी मात्र पॅकिंग करणाऱ्या कंपनीने विक्रीची बाटलीच पाठवली होती. समोर बर्फाचा डोंगर, पायथ्याशी लाकडी घर, बुचाभोवती एका थंड देशाच्या झेंड्याची पट्टी. देशाचं नाव सांगत नाही, ग्राहकाच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात.

"मॅडम, बारकोडपण तिथलाच आहे," आमचा नवा सहायक म्हणाला. हा गैरसमज भल्याभल्यांचा असतो. बारकोडचे पहिले तीन आकडे एवढंच सांगतात की कंपनीने तो क्रमांक कुठल्या देशातल्या जीएस-वन संस्थेकडून घेतला. ८९० असेल तर क्रमांक भारतातल्या संस्थेने दिलेला. आतला माल कुठून आला, याचा त्या आकड्यांशी काही संबंध नाही.

तपासणी तशी साधी. १० ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा आणि तळाशी बसलेला गाळ काचेवर घेऊन रंगवायचा. मग भिंगाखाली एकेक कण ओळखत, मोजत बसायचं. मान अवघडते, पण मला हे काम आवडतं. सूर्यफुलाचा कण काटेरी चेंडूसारखा. निलगिरीच्या कुळातला तिकोनी, तिन्ही टोकांना एकेक छिद्र. बाभळीच्या गोतातले कण सुटे नसतातच, त्यांची पुष्कळदा सोळा-सोळांची गड्डी असते.

त्या स्लाइडवर तिकोनी कणांची नुसती गर्दी होती. मधूनमधून त्या सोळांच्या गड्ड्या. बर्फाच्या डोंगराच्या पायथ्याला शोभेल असं फारच थोडं. मी दुसरी स्लाइड केली, तीच तऱ्हा. हा मध बव्हंशी उष्ण मुलखातला होता. नेमका कुठल्या देशातला, हे परागकणांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. झाडं सरहद्द बघून उगवत नाहीत, आणि निलगिरी तर माणसाने जगभर नेऊन लावली आहे. पण 'इथला नाही' एवढं सांगायला स्लाइड पुरेशी होती.

मग मी बाटली फिरवली. मागे, तळाच्या कडेला, सोनेरी कागदावर करड्या अक्षरांत एक ओळ: 'एकाहून अधिक देशांतील मधांचे मिश्रण'. ती वाचायला मला हातातलं भिंग लागलं. म्हणजे अक्षरश: बघायला गेलं तर कुठेही खोटं नव्हतं. डोंगराच्या चित्राखाली 'आमच्या डोंगरातला मध' असं कुणी लिहिलंच नव्हतं.

कंपनीच्या गुणवत्ता अधिकाऱ्यांना फोन केला. ते मुळीच गडबडले नाहीत. "मिश्रण आमच्याकडे होतं, बाटलीत आम्ही भरतो. मग माल आमचाच ना?" कोडेक्सचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा, नियम असा की दुसऱ्या देशातल्या प्रक्रियेने पदार्थाचं स्वरूपच बदललं, तर लेबलासाठी तो देश मूळ देश धरायचा. पिंपातला मध बाटलीत ओतल्याने त्याचं कुठलं स्वरूप बदलतं? मी तसं म्हटलं. ते हसले. "मॅडम, तुम्ही परागकणांचं लिहा. चित्राचं आमच्या डिझाइनवाल्यांवर सोडा."

खरी मेख इथेच आहे, असं माझं मत. खोटी कागदपत्रं करणारे असतात. २००१ मध्ये अमेरिकेने चिनी मधावर जबर शुल्क लावल्यावर तो तिसऱ्या देशांचं नाव लावून आत येऊ लागला, आणि त्यावर खटलेही झाले. पण खोटा कागद पकडता तरी येतो. खऱ्या वाक्याशेजारी छापलेल्या डोंगराचं काय करणार? युरोपीय संघात कित्येक वर्षं 'संघातील व संघाबाहेरील मधांचे मिश्रण' एवढं लिहिलं की भागत होतं. या वर्णनात जवळजवळ सगळी पृथ्वी आली. २०२४ मध्ये तो नियम बदलला. मिश्रणातले देश वजनाच्या उतरत्या क्रमाने, टक्केवारीसह लिहायचे, आणि तेही लेबलाच्या मुख्य भागावर. अंमल १४ जून २०२६ पासून.

अहवालात मी लिहिलं: 'परागकणांचे चित्र बाटलीच्या दर्शनी भागावर सूचित केलेल्या प्रदेशाशी जुळत नाही.' 'दर्शनी भागावर' हे शब्द काढा, म्हणून दोनदा निरोप आला. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी काढू दिले नाहीत, हे त्यांचं मानलं पाहिजे.

पुढे त्याच कंपनीचा आणखी एक नमुना आला, या वेळी बिनलेबलाच्या बरणीत. मध काचेसारखा नितळ. फिरवून झाल्यावर नळीच्या तळाशी गाळच नाही. स्लाइडवर दोन-चार कण, तेही तुटके. इतका बारीक गाळलेला मध म्हणजे मुळाचा पुरावाच धुऊन काढलेला. अपरिहार्य असेल तेवढं सोडून मधातले परागकण काढू नयेत, असं कोडेक्सच्या मधाच्या मानकात स्पष्ट लिहिलं आहे. मी तेच कलम अहवालात उतरवलं, 'मूळ प्रदेश ठरवणे शक्य नाही' असा शेरा मारला आणि समस्थानिकांची चाचणी (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण मोजून मूळ प्रदेशाचा अंदाज घेणारी) सुचवली. त्या चाचणीचे पैसे भरायला त्यांनी नकार दिला.