उणे विषाणू आणि पुन्हा उगवलेले विषाणू

एमएस्सीच्या शेवटच्या सत्राला मॅडमनी संगणकावरच्या गणिती मॉडेलचा प्रकल्प दिला: एकाच शरीरात एचआयव्हीचे दोन स्ट्रेन, म्हणजे वाण, एक औषधाला दबणारा, दुसरा न जुमानणारा. औषध सुरू केलं की कोण टिकतं? निरोगी पेशी, दोन प्रकारच्या बाधित पेशी, दोन प्रकारचे विषाणू, म्हणजे पाच विकलक समीकरणं. दोन आठवड्यांत उरकेल असं वाटलं. चार महिने गेले.

सुरुवात सरळ झाली. पेरेल्सन आणि सहकाऱ्यांच्या 1996 च्या निबंधातला दर घेतला: विषाणू शरीरातून रोज साधारण 3 या दराने साफ होतात. ऑयलरची पद्धत, म्हणजे वेळेच्या छोट्या छोट्या पायऱ्यांनी समीकरणं सोडवत जायचं; 0.1 दिवसाची पायरी, आलेख छान आले. मग 1999 च्या मोजणीत हा दर 23 च्या आसपास असल्याचं वाचलं आणि हौसेने आकडा बदलला. पडद्यावर विषाणूंची संख्या उणे!

"अगं, उणे विषाणू कुठल्या शरीरात असतात?" मॅडम म्हणाल्या.

चूक समीकरणांत सापडेना, म्हणून तीन दिवस फुकट गेले. चूक पायरीत होती. 23 गुणिले 0.1 म्हणजे 2.3; असलेल्या विषाणूंच्या सव्वादोन पटींहून जास्त विषाणू मी एका पायरीत वजा करत होते. पायरी 0.01 केली आणि गाडी रुळावर आली.

स्पर्धेचा भाग मला सगळ्यात आवडला. आर-नॉट म्हणजे एका बाधित पेशीमुळे सरासरी किती नव्या पेशी बाधित होतात तो आकडा. औषधाविना दबणाऱ्याचा आर-नॉट मी 5 धरला, दुसऱ्याचा 4. एकाच पेशींवर दोघं जगतात, त्यामुळे 5 वाला जिंकतो. 4 वाला फक्त विषाणूची नक्कल होताना होणाऱ्या चुकांमुळे नावापुरता शिल्लक राहतो. औषध 20 टक्क्यांहून जास्त परिणामकारक झालं की पहिल्याचा 5 हा 4 च्या खाली येतो आणि पारडं फिरतं. एकच औषध कितीही जोरदार असो, दुसऱ्याला मोकळं रानच मिळतं. 1987 मध्ये एझेडटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध एकट्याने आलं तेव्हा रुग्णांमध्ये पुढे हेच दिसलं. जोडीला आणखी दोन औषधं घालून मी दुसऱ्याचा 4 हा 0.4 वर आणला, तेव्हा दोन्ही स्ट्रेन मावळले.

इथे खरी फजिती झाली. तीन औषधं काही वर्षं चालवून बंद केली, तर विषाणू पुन्हा जोमाने उसळला. रुग्णांमध्येही असंच होतं, म्हणून मी खूश! मॅडमनी मधल्या काळातला आकडा विचारला. मिलिलिटरमागे 10 चा उणे पंधरावा घात. शरीरातला 15 लिटर द्रव धरला तरी सगळा मिळून 0.000000000015 विषाणू. तेवढ्याशा कणातून माझं मॉडेल अख्खा आजार परत उगवत होतं! उत्तर बरोबर, कारण साफ खोटं. प्रत्यक्षात विषाणू परततो तो सुप्त पेशींमधून. त्यांच्यात तो वर्षानुवर्षं दडून बसतो, औषध तिथे पोचूनही काही करू शकत नाही.

मग एकाहून कमी विषाणू म्हणजे शून्य, असा नियम घातला. सुप्त पेशींसाठी सहावं समीकरण आलं. अहवालाची निम्मी पानं पुन्हा लिहिली.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न केला, "हे सहावं समीकरण कशाला?" मी फळ्याकडे गेले आणि दशांशचिन्हापुढे दहा शून्यं लिहायला घेतली.