पहिल्याच पेपरात ५.०

निकाल पोर्टलवर आला तेव्हा मी मेन्झाच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनच्या रांगेत ताट धरून उभी होते. हीट ट्रान्सफर : ५.०. जर्मनीत १.० सगळ्यात भारी, ४.० पर्यंत पास आणि ५.० म्हणजे सरळ नापास. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पाच? मग बरे पडले की!" ही उलटी गंगा तिला समजावून सांगायची ताकद त्या दिवशी माझ्यात नव्हती.

२०२४ च्या ऑक्टोबरात मास्टर्सला आले. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरलेले ११,९०४ युरो महिन्याला ९९२ च्या हप्त्याने परत मिळतात. खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा गेला की उरतं ते पुरवून पुरवून वापरायचं. म्हणून गोदामात पॅकिंगचं काम धरलं. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, त्यामुळे नियमात बसत होतं. झोपेत बसत नव्हतं. गुरुवारी सकाळी आठला उबुंग असायचं, म्हणजे गणितं सोडवायचा तास. बुधवारची शिफ्ट रात्री संपायची. हजेरी कुणी घेत नाही म्हटल्यावर मी काय केलं असेल ते सांगायला नको. लेक्चरला मात्र नेमाने जायचे आणि शेवटी सगळ्यांबरोबर बोटांनी बाकही वाजवायचे (टाळ्यांऐवजी तिथे बाक वाजवतात). वाटायचं, आपलं चाललंय की.

इंटर्नलचे मार्क नाहीत. सेमिस्टरच्या शेवटी नव्वद मिनिटांचा एकच पेपर. हाताने लिहिलेला एक ए-फोर कागद न्यायची परवानगी होती. त्यावर मी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत सगळी डेरिव्हेशन्स उतरवली. पेपरात एकही डेरिव्हेशन आलं नाही. सगळी गणितंच, आणि मी माझ्याच कागदावर सूत्र शोधत बसले.

नापास झाल्यावर एक गोष्ट कळली ती म्हणजे आइनझिख्ट. तपासलेला पेपर ठरलेल्या दिवशी जाऊन बघता येतो. बॅग आणि फोन दाराशी ठेवायचे, ओळखपत्र दाखवायचं, अर्धा तास मिळतो. मला सहा मार्क कमी होते आणि ते भांडून मिळवायचेच असं ठरवून गेले होते. सर्वांत मोठं गणित नळीतून वाहणाऱ्या पाण्याचं. रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे प्रवाह कसा वाहतो ते सांगणारा आकडा, काढताना मी नळीच्या व्यासाऐवजी लांबी घातली होती. व्यास २० मिलिमीटर, लांबी २ मीटर. आकडा थेट शंभर पट! जिथे १५०० येऊन प्रवाह लॅमिनार (संथ) ठरायचा तिथे माझा दीड लाख आला, टर्ब्युलंट (खळबळता) ठरला आणि पुढचं पान अख्खं वाया. असिस्टंटने शांतपणे ते बोटाने दाखवलं आणि विचारलं, उबुंगला येत होतीस का? भांडायला काही उरलंच नाही. एक मार्क वाढला, तोही बेरजेतला.

आमच्या कोर्सला एका पेपरच्या तीन संधी. तिसरीही गेली तर डिग्रीच संपते, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडे घ्यायची वाटही सहसा बंद होते. हे मला आधी माहीत असतं तर गोदामाच्या शिफ्टचा हिशेब मी वेगळा मांडला असता. आता फक्त शनिवारी काम ठेवलं. शेजारच्या खोलीतल्या मुलीने फाखशाफ्टमधून, म्हणजे विद्यार्थी मंडळाकडून, जुने पेपर आणायला सांगितले. रविवारी दुकानं बंद, रस्ते गप्प. ते पेपर मी घड्याळ लावून सोडवले. पुन्हा नाव नोंदवायचं असतं हे मात्र शेवटच्या दिवशी आठवलं. रात्री अकराला पोर्टल उघडलं, तेव्हा हात थरथरत होते.

दुसऱ्या वेळचा ए-फोर कागद अर्धा कोराच होता. वर मोठ्या अक्षरांत एकच ओळ : "नळी असेल तर व्यास."

२.७ मिळाले. आईला फोन केला. ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, "अगं, आधी पाच होते ना? एवढे कमी कसे झाले?"