ट्यूनर असताना तार कशाला कापायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन नुकतंच हातात पडलेली मुलं पेडण्याला माझ्याकडे येतात आणि हटकून विचारतात, "काका, ट्यूनर एसडब्ल्यूआर एकावर आणून देतो, मग माडावरचा अँटेना खाली उतरवून तार कशाला कापत बसता?"

एसडब्ल्यूआर म्हणजे रेडिओ सेटने पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत येते त्याचं माप, 1 म्हणजे काहीच परत नाही. ट्यूनर म्हणजे सेट आणि केबलच्या मध्ये बसून सेटला तो 1 दाखवणारा डबा. मी त्यांना एका श्रावणातली गोष्ट सांगतो. चाळीस मीटर बँडचा, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, माझा इन्व्हर्टेड व्ही: मध्ये उंच आणि टोकं खाली उतरलेला तारेचा अँटेना, दोन्ही बाजूंना साधारण 10-10 मीटर तार. मीटर 1.2 दाखवत होता, तोही 7.0 पासून 7.2 मेगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे सारखाच. मला वाटलं, झकास जमलंय. पण पुण्याची नेहमीची मंडळी म्हणायला लागली, तुमचा आवाज खोल गेलाय.

खरं तर त्या सपाटपणानेच मला जागं करायला हवं होतं. तार एका फ्रिक्वेन्सीला बसते, तिच्यापासून दूर गेलं की एसडब्ल्यूआर चढतोच. शेवटी कप्पीवरून अँटेना उतरवला, केबलचं वरचं टोक मोकळं सोडलं आणि घरातल्या टोकाला एसडब्ल्यूआर मोजणारा ॲनालायझर लावला. केबल चांगली असेल तर अशा वेळी जवळजवळ सगळं परत येतं आणि एसडब्ल्यूआर प्रचंड दिसतो. माझ्याकडे आला 2! म्हणजे 100 वॉट सोडले तर वर पोचत होते जेमतेम 33. परतीच्या वाटेवरही केबल तेवढाच वाटा गिळत होती. मीटरला फक्त परत आलेलं कळतं, वाटेत जिरलेलं कळत नाही. कनेक्टर उघडला तर आतली जाळी काळी पडलेली, पाणी आत शिरलेलं. आमच्याकडचा पाऊस आणि खारा वारा, दुसरं काय होणार!

नवी केबल लावली आणि 7.1 वर 1.7 दिसला. खरा आकडा हा होता. सर्वांत कमी 6.95 वर, म्हणजे तार लांब. दोन्ही बाजूंना वीत-वीतभर कमी केली, जागेवर आली.

ट्यूनर वाईट नाही. केबल आखूड आणि धड असेल तर या बँडवर 2 चा एसडब्ल्यूआर त्याने खुशाल सांभाळावा. पण टेबलावरचा ट्यूनर समजूत घालतो ती सेटची. त्याला 50 ओहम दिसतात, तो पूर्ण पॉवर देतो. केबल आणि तार यांच्यातली तफावत वर तशीच राहते, आणि भिजलेली केबल तर त्याला दिसतच नाही.

आता दर वर्षी चवथीआधी मी वरचा जोड सोडून तपासतो. यंदा या, दोर धरायला माणूस लागतोच.