फळ्यावरचा क्रूस

पहिल्या सेमिस्टरला एकदा रिकाम्या वर्गातून आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. “तुझ्या डोक्यावर ते काय टांगलंय गं?” मागे वळून पाहिलं तर फळ्याच्या वर हातभर लांबीचा लाकडी क्रूस. महिनाभर त्याच वर्गात कॅल्क्युलस शिकत होते, तो दिसायचाच बंद झाला होता.

“बाटवतात का?” हा आजीचा पुढचा प्रश्न. अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठाला अर्ज करणारी मुलंही मला तेच विचारतात, फक्त जरा आडवळणाने. नाही बाटवत. मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायची सक्ती नसते आणि अर्जातला धर्माचा रकाना कोरा सोडला तरी चालतो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने तर 2016 मध्ये पूर्णवेळ हिंदू चॅप्लेन, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी धर्मगुरू, नेमला. पण म्हणून ‘कॅथलिक’ नुसतं पाटीपुरतं असतं असं धरून आलात, तर इथे चिडचिड होईल.

आधी बघा, विद्यापीठ कोणाचं आहे, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या कोणत्या धर्मसंघाने काढलंय. जॉर्जटाउन (1789) आणि बॉस्टन कॉलेज (1863) जेसुइटांची, नोटर डेम (1842) होली क्रॉसवाल्यांचं, विलानोवा ऑगस्टिनियनांचं. वॉशिंग्टनमधली ‘कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका’ अमेरिकन बिशपांनी 1887 मध्ये काढली. या घराण्यांचा स्वभाव वेगवेगळा आहे आणि तो अर्जासोबतच्या निबंधात उपयोगी पडतो.

माझा पहिला निबंध मात्र भयंकर होता. वेबसाइटवरचे ‘सेवा’, ‘करुणा’, ‘कुरा पर्सोनालिस’ (लॅटिनमध्ये, प्रत्येक माणसाची संपूर्ण काळजी) हे शब्द उचलून मी त्यांचीच आरती त्यांना ऐकवली होती. एका सीनियर ताईने वाचून एवढंच विचारलं, “यात तू कुठे आहेस?” मग मी धाकट्या भावाचं गणित घेताना माझा संयम कसा सुटायचा आणि शेवटी मीच शिकवायची पद्धत कशी बदलली, ते लिहिलं. त्यात देवाचं नावही नव्हतं. जेसुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी 1973 च्या भाषणात शिक्षणाचा हेतू ‘इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं’ असा सांगितला होता. माझ्या मते निबंध वाचणारे त्याच्याच खुणा शोधतात, भक्ती नाही.

बॅचलर्सला येणार असाल तर कोअर कोर्सेसची, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या विषयांची, यादी अर्जाआधीच काढा. नोटर डेमला थिऑलॉजीचे (धर्मशास्त्राचे) दोन कोर्स करावेच लागतात. जॉर्जटाउनलाही दोन, आणि तिथल्या एका प्रसिद्ध कोर्सचं नावच ‘द प्रॉब्लेम ऑफ गॉड’! मला थिऑलॉजी म्हणजे कीर्तन वाटलं होतं. प्रत्यक्षात आठवड्याला ढीगभर वाचन, आणि देव नाही असं म्हटलंत तरी मार्क जात नाहीत. युक्तिवाद कच्चा असला की जातात.

हॉस्टेलचं नीट विचारून घ्या. नोटर डेमचे हॉल मुलामुलींचे वेगळे आहेत, आणि मित्र-मैत्रिणीच्या खोलीतून रात्री बाराला, शुक्रवारी-शनिवारी दोनला, बाहेर पडावंच लागतं. अनेक कॅथलिक कॅम्पसच्या दवाखान्यात गर्भनिरोधक मिळत नाहीत, बाहेरून घ्यावे लागतात. हे घरच्यांसमोर कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिलं.

फीला ‘धर्मादाय’ सवलत असेल असा समज असेल तर तो सोडा. ही महागडी खासगी विद्यापीठं आहेत. मात्र नोटर डेमने 2024 मध्ये जाहीर केलं की बॅचलर्सच्या परदेशी अर्जदारांना प्रवेश देतानाही घरची ऐपत बघणार नाही. बाकीच्यांची मदतीची पानं एकेक करून वाचा, नियम फार वेगळे असतात.

एमएसला येणाऱ्यांना यातलं बरंचसं लागूच होत नाही. थिऑलॉजी सहसा नसते, हॉस्टेलही बहुतेक जण बाहेरच घेतात. क्रूस मात्र तुमच्याही वर्गात असू शकतो, तेव्हा व्हिडिओ कॉलआधी मागे एकदा बघून घ्या.