‘भाऊ, तूच टाक ना साइटवर’ : ट्रेकग्रुपच्या वेबसाइटची नोंदवही

आमच्या ट्रेकग्रुपची साइट वर्डप्रेसवर (वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे. साठेक किल्ल्यांची पानं : वाट, पाणी, मुक्काम, गाडी कुठवर जाते. इतकी वर्षं ती मुख्यतः मीच सांभाळली. रविवारी रात्री व्हॉट्सअॅपवर ‘टाकं कोरडं पडलंय रे’, ‘शेवटची एसटी आता लवकर सुटते’ असे मेसेज यायचे आणि प्रत्येकाच्या शेवटी ठरलेलं वाक्य : भाऊ, तूच टाक ना. मी आठवड्याने टाकायचो, कधी विसरायचो. एप्रिलमध्ये कोरड्या पडलेल्या टाक्याची बातमी पावसाळ्यात पानावर चढवून उपयोग काय? म्हणून २०२५ मध्ये ठरवलं की ज्याने पाहिलं त्यानेच लिहायचं. तुमच्यातले बरेच जण असल्याच साइट सांभाळतात, म्हणून काय केलं आणि कुठे आपटलो ते लिहून ठेवतोय.

फेब्रुवारी. आधी घरची घाण काढली. अॅडमिनचा एकच पासवर्ड आम्ही पाच जण वापरत होतो. त्यामुळे कुठलाही जुना बदल उघडा, करणारा ‘अॅडमिन’च. आता ग्रुपमधल्या चौदा जणांना स्वतःचं खातं दिलं. भूमिका दिली कॉन्ट्रिब्युटर, कारण तीच सगळ्यात सुरक्षित वाटली : लिहिता येतं, पण छापायचं काम एडिटरचं.

दोन आठवडे शुकशुकाट. मला वाटलं, लोक आळशी. मग एका वहिनींनी फोन करून विचारलं, ‘अहो, ते किल्ल्याचं पान कुठेय? मला दिसतच नाहीये.’ आमची किल्ल्यांची माहिती ‘पेजेस’मध्ये आहे (वर्डप्रेसमध्ये पोस्ट वेगळी आणि पेज, म्हणजे कायमचं पान, वेगळं), आणि कॉन्ट्रिब्युटरला पेजेसचा मेनूच दिसत नाही. त्याच्या वरच्या ऑथर या भूमिकेलाही नाही. शिवाय कॉन्ट्रिब्युटरला फोटो चढवता येत नाही आणि एकदा छापलेला स्वतःचा मजकूरही पुन्हा हात लावता येत नाही. म्हणजे मी चौदा जणांना घराची किल्ली म्हणून जिन्याखालच्या माळ्याची किल्ली दिली होती.

मार्च. वैतागून सगळ्यांना एडिटर केलं. हे करू नका.

तीन आठवड्यांत मुखपृष्ठावरचा तक्ता गायब झाला. मोबाइलवर बोट लागलं असणार. तो रिव्हिजन्समधून दोन मिनिटांत परत आला, त्याचं काही नाही. रिव्हिजन्स जुने मसुदे जपून ठेवतात म्हणून झोप लागते. खरी भीती वेगळ्याच पानाने घातली. मदनगडाच्या पानावर वर ठळक ओळ होती : दोर आणि दोर लावता येणारा अनुभवी माणूस हवाच. कुणीतरी पान ‘सुटसुटीत’ करताना ती उडवली. मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी तोडल्या, तिथे उघड्या कातळावरून चढावं लागतं. ती ओळ वाचून माणसं घरी थांबतात. नऊ दिवस ती नव्हती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही. तक्ता गेला की पान विद्रूप दिसतं. इशारा गेला की पान उलट छान दिसतं.

मग वर्डप्रेस ६.० पासून मिळणारं ब्लॉक लॉक, म्हणजे पानाच्या एकेका तुकड्याला लावायचं कुलूप, वापरलं. ब्लॉक हलवता किंवा काढता येत नाही. पण एडिटरला कुलूप काढताही येतं, म्हणजे चोरासाठी नाही, धांदरटासाठी आहे. आणि पानातला मजकूर या कुलपाने थांबत नाही, शब्द बदलायचे तर बदलता येतातच. शेवटी इशाऱ्याची ओळ पानातूनच काढली आणि टेम्प्लेटमध्ये, वेगळ्या खान्यात ठेवली. तो खाना मी आणि आणखी एक जण, एवढेच बदलतो.

एप्रिल-मे. इथे गाडी रुळावर आली. एक साधी गोष्ट उशिरा कळली : लोकांना पान ‘संपादित’ करायचंच नाहीये. दुसऱ्याने घोटून लिहिलेल्या परिच्छेदात हात घालायला माणूस कचरतो. त्याला फक्त सांगायचं असतं की मी गेलो होतो, हे पाहिलं.

म्हणून ‘भेटीची नोंद’ नावाचा कस्टम पोस्ट टाइप, म्हणजे मजकुराचा आपला वेगळा प्रकार, केला. किल्ला, तारीख, पाणी, वाट, दोन ओळी. एवढंच. नोंद किल्ल्याच्या पानावर सगळ्यात वर येते, नावासकट. सहा महिने झाले की फिकट होते. प्रत्येकाला आपलीच नोंद बदलता येते, दुसऱ्याची नाही. करणाऱ्यांसाठी सूचना : या प्रकाराला स्वतःचा कपॅबिलिटी टाइप, म्हणजे अधिकारांचा वेगळा संच, द्या, नाहीतर नोंदींना साध्या पोस्टचेच अधिकार लागू होतात आणि वर लिहिलेलं सगळं रामायण पुन्हा.

पाण्याच्या खान्यात आधी तीन पर्याय होते : आहे, कमी, नाही. पहिल्या दहा नोंदींत ‘नाही’ फारच दिसायला लागलं. विचारल्यावर कळलं की टाक्यापर्यंत न गेलेलेही ‘नाही’ निवडत होते. चौथा पर्याय टाकला, ‘पाहिलं नाही’. माझ्या मते वर्षभरातली माझी सगळ्यात चांगली कामगिरी हीच.

पहिली धड नोंद ग्रुपमध्ये नवीन आलेल्या मुलीची. रतनगड : ‘शिड्या ठीक. वर टाक्यांत पाणी आहे पण शेवाळ, गाळून उकळून घ्या. उतरताना घसारा, बुटाचं सोल तपासा.’ आम्हा जुन्या खोडांनी असल्या तीन ओळी लिहायला भूगोल आणि इतिहासाची प्रस्तावना जोडली असती.

वेळही महत्त्वाची. सोमवारी ऑफिसात गेलं की सगळं विसरतं. आता रविवारी संध्याकाळी सातला नोंदीची लिंक ग्रुपवर पडते, मंडळी परतीच्या जीपमध्ये असताना. आमचे एक काका टाइप करत नाहीत, बोलून लिहितात. त्यामुळे ‘रतनगडाचं नेढं’ (कातळातलं आरपार भोक) हे ‘रतनगडाचं वेडं’ झालं. ते तसंच ठेवलंय.

जुलै. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि साइटवर दिवाळी झाली. अकरा पानांवर अकरा तऱ्हेची वाक्यं. एकाने प्रेमापोटी तोरण्यालाही वारसास्थळ करून टाकलं. तोरणा त्या यादीत नाही, काय करणार. आता ‘जागतिक वारसा’ ही टॅक्सॉनॉमीतली (वर्गवारीतली) एक टर्म, म्हणजे पानांना लावायची खूण, आहे. किल्ल्याला ती लावली की वाक्य आपोआप उमटतं. जिल्ह्यांचंही तसंच केलं. अहमदनगरचं अहिल्यानगर करताना मी हाताने एकेक पान उघडत बसलो होतो. टर्म असती तर एका जागी नाव बदललं असतं. जी गोष्ट दोन पानांवर येते ती कुणालाही हाताने लिहू द्यायची नाही, असा नियम आता केलाय.

सप्टेंबर. मराठीचे म्हणून जे खास त्रास असतात, ते सुरू. जुन्या हस्तपुस्तिकेचा मजकूर एका सभासदाने हौसेने चिकटवला, तो युनिकोडपूर्व फॉन्टमधला, म्हणजे अक्षरांचे संकेत सगळीकडे सारखे होण्याआधीचा. पानभर चिन्हांची भेळ. तो कन्व्हर्टरमधून काढला. दुसरा त्रास जास्त छुपा. साइटवर ‘पायऱ्या’ शोधलं की निम्मीच पानं यायची. किल्ल्यांच्या साइटवर पायऱ्याच सापडत नाहीत! कारण कुणाच्या कीबोर्डवरून खाली टिंब असलेला ऱ येतो, कुणाच्या साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर अगदी सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. आणि ‘पायर्या’ लिहिणारे आहेतच. नोंद साठवताना पहिल्या दोन्ही रूपांचं एकच रूप करणारा छोटा फिल्टर लावला. शोधपेटीत येणाऱ्या शब्दालाही तोच लावायचा, हे मी आधी विसरलो होतो. ‘पायर्या’वाल्यांना मात्र फोन करतो.

सध्या. प्रत्येक किल्ल्याला एक-दोन ‘पालक’ ठरवलेत. पानाचा मुख्य मजकूर ते बदलतात, नोंदी सगळे लिहितात. माझ्याकडे आता बॅकअप, नवीन खाती आणि भांडणं एवढंच उरलंय. ताजं भांडण राजगडचं. एकाच रविवारी एकाची नोंद ‘पाणी आहे’, दुसरीची ‘नाही’. दोघांनीही फोटो लावले, दोघंही खरे. टाकी वेगळी. फॉर्ममध्ये टाकं निवडायची सोय हवी, पण त्यासाठी आधी नावं हवीत, आणि एकाच टाक्याला आमच्यात तीन नावं आहेत. या रविवारी गुंजवण्यातून चढतोय, वही आणि नकाशा घेऊन. कोण कशाला काय म्हणतं ते आधी उतरवून घेतो.